सड्यावरचा जांभळा तुकडा

खारवण्याच्या नगरपंचायतीने नवा विकास आराखडा करायला घेतला, तेव्हा त्या कचेरीत मनापासून खूश झालेलं माणूस एकच होतं, किशोरी कुबल. बाकीच्यांच्या दृष्टीने ते डोक्यावर पडलेलं जास्तीचं काम. किशोरी नगररचना शिकलेली होती. ठाण्याला एका मोठ्या कचेरीत दुसऱ्यांच्या शहरांचे नकाशे रंगवण्यात तिची काही वर्षं गेली. नवरा ओमकार बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेच महिने समुद्रात. सासू घरी एकटी पडते म्हणून ती गावी आली आणि नगरपंचायतीत सहायक म्हणून लागली. आपण जिथे राहतो त्या गावाची पुढची वीस वर्षं आपल्या हाताने आखायची, हे भाग्य या धंद्यात फार थोड्यांना मिळतं, असं ती सासूला म्हणालीसुद्धा होती.

आराखडा म्हणजे तरी काय, तर उद्या गाव वाढेल तेव्हा घरं कुठे, बाजार कुठे, शाळा कुठे, रस्ता केवढा, हे आजच ठरवून ठेवायचं. नकाशात घरांना पिवळा रंग, बाजाराला निळा, उद्योगांना जांभळा. पुण्याच्या एका कंपनीला काम दिलं होतं आणि त्यांचा कौस्तुभ नावाचा तरुण दर पंधरवड्याला लॅपटॉप घेऊन यायचा. त्याने पहिला कच्चा नकाशा पडद्यावर दाखवला. पिवळा भरपूर होता, निळा किनाऱ्याने लांबच लांब गेलेला, गाड्या लावायला तीन जागा. जांभळा कुठेच नव्हता.

"उद्योगाला जागा?" किशोरीने विचारलं.

"मॅडम, इथे उद्योग कुठे आहे? हे पर्यटनाचं गाव आहे."

त्याच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. तो हॉटेलात उतरायचा, किनाऱ्यावर जेवायचा, त्याला दुसरं दिसणार कुठून. तिने त्याला उठवलं आणि बंदर गल्लीत नेलं.

बंदर गल्ली म्हणजे खारवण्याची मागची बाजू. बाबली तांडेलांचा बर्फाचा कारखाना तिथे, इंजिनं दुरुस्त करणारे फिटर तिथे, होड्यांचे पंखे घासून देणारा लेथवाला तिथे, खिडक्यांच्या ॲल्युमिनियमचं दुकान तिथेच. आणि गल्लीच्या टोकाला धनेशची शेड. धनेश हा किशोरीचा धाकटा दीर. फायबरच्या होड्या बनवायचा. मासेमारीच्या होड्या त्याच्याच, हल्ली पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होड्याही त्याच्याच. शेडच्या दोन्ही अंगांना आता होमस्टे झाले होते. रेझिनच्या वासाने पाहुणे नाकाला रुमाल लावायचे, मालक तक्रार करायचे, आणि नगरपंचायत धनेशला नोटीस काढून सांगायची, ही वस्तीची जागा आहे, इथून हल. कुठे हल, हे मात्र कोणी सांगत नव्हतं. नकाशात हललेल्या माणसाला जागाच नव्हती.

कौस्तुभ बराच वेळ शेडपाशी उभा राहून बघत होता. पर्यटकांची होडीसुद्धा इथे कुठेतरी बनते, हे बहुधा त्याच्या पहिल्यांदाच लक्षात येत होतं. परत येताना तो म्हणाला, "ठीक आहे, आपण हिशेब करू." आणि त्याने खरंच केला. होड्या वाढणार, हॉटेलं वाढणार म्हणजे बर्फ वाढणार, घरं वाढणार म्हणजे खिडक्या, दारं, फॅब्रिकेशन वाढणार. दोघांनी मिळून जे गणित मांडलं त्यात आजच्या बंदर गल्लीच्या चौपट जागा लागत होती. ती आज राखली नाही तर पुढे मिळणार नाही, याबद्दल दोघांचं एकमत झालं.

जागा शोधायला किशोरी दोन आठवडे पायपीट करत होती. आणि जागा होती. खाडीच्या वर जो सडा आहे, नुसता जांभा कातळ, त्यातली बरीचशी गुरचरण म्हणजे सरकारी. वस्ती लांब, वारा समुद्राकडून आत जाणारा, आणि सड्याच्या एका कडेने खाडीकडे बैलगाडीची जुनी वाट उतरत होती. ती रुंद केली की होडी थेट पाण्यात नेता येत होती. खारवण्यात दुसरी अशी जागा नव्हती. अडचण एकच होती. त्या वाटेच्या तोंडाशी काजूचा एक तुकडा होता, आणि तो कुबलांचा होता. किशोरीच्या सासूच्या नावावर.

ती त्याच दिवशी मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत गेली. "साहेब, आधीच सांगते. या जागेला लागून आमच्या घरची जमीन आहे. माझा दीर होड्यांच्या धंद्यात आहे. तुम्हाला वाटत असेल तर या भागाचं काम दुसऱ्या कोणाकडे द्या."

साहेब भले माणूस होते. निवृत्तीला थोडे महिने राहिले होते आणि ते नीट पार पडावेत एवढीच त्यांची इच्छा होती. "अहो, लहान गाव आहे, प्रत्येकाची कुठेतरी जमीन लागणारच," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. विषय संपला. काम करा."

तिने काम केलं. सड्यावर जांभळा तुकडा आला आणि आराखडा लोकांसमोर ठेवला गेला.

दुसऱ्याच दिवसापासून गावात कुजबूज सुरू झाली. सड्यावर केमिकलचे कारखाने येणार, अशी बातमी कोणीतरी सोडली. कोणी म्हणालं, खाडीतली कालवं मरतील. किशोरी भेटेल त्याला सांगत सुटली की बाबांनो, हे कारखाने म्हणजे तुमचाच बर्फ, तुमच्याच होड्या, बंदर गल्लीत आहे तेच वर न्यायचं. लोक मान डोलवायचे. मान डोलवणारा माणूस ऐकतो आहे असं नसतं, हे तिला उशिरा कळलं.

खरी गोम वेगळीच होती आणि ती तिला बाबली तांडेलांकडून समजली. बाबलींचं वय सत्तरीच्या पुढचं. बर्फाच्या कारखान्याला जागा पुरत नाही म्हणून गेली कित्येक वर्षं तेच कचेरीत खेपा घालत होते. आपल्या बाजूने बोलणारा पहिला माणूस हाच, असं धरून ती त्यांच्याकडे गेली.

"बाबलीकाका, सुनावणीक येतलास मा?"

"येतलंय," ते म्हणाले, "पण तुझ्या बाजून नाय गो बाय. तुका आधीच सांगतंय, मागसून राग नुको."

"कित्याक?"

"माझो झील मुंबैक. तो काय बर्फ फोडूक येवचो नाय. कारखानो काडून थय लॉज बांधूचो म्हणता. आणि सड्यावर, थय गुरुप्रसाद काय तरी करतलो आसा. सूर्य बुडतलो बगूक बसाची जागा, हाटेल, तसला. तेच्या वांगडा आमचे पण चार पैशे आसत."

गुरुप्रसाद म्हणजे नगराध्यक्ष. मुलगा लॉज बांधणार आणि बापाचे पैसे नगराध्यक्षाच्या हॉटेलात, हे किशोरीने मनात जुळवलं. "मगे गावाक बर्फ खंयसून येतलो?" तिने विचारलं.

"येतलो गो खंयसून तरी. बर्फाक काय पाय नसतत, पण टेम्पो आसत." ते स्वतःच हसले. हसण्यात वाईटपणा काही नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला. भांडता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

सुनावणी नगरपंचायतीच्या सभागृहात झाली. खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक खिडक्यांत उभे राहिले. मच्छीमार आले होते, होमस्टेवाले आले होते. पुढच्या रांगेत लवू मयेकर बसला होता. त्याच्या दोन होड्या, दोन्ही धनेशने बनवलेल्या. किशोरीने नकाशा समजावून सांगितला. अजिबात घाई केली नाही. वारा कुठून कुठे वाहतो, वाट कशी उतरते, बंदर गल्ली आज ना उद्या बंद पडणार ती कशी, सगळं सांगितलं. लोक शांतपणे ऐकत होते. एका क्षणी तर तिला वाटलं, जमलं.

मग गुरुप्रसाद उभा राहिला. आवाज चढवला नाही. शुद्ध मराठीत, हात जोडून बोलला. "मॅडमच्या अभ्यासाबद्दल आम्हाला आदरच आहे. फक्त एक शंका. खाडीकडे जाणारी ही जी वाट रुंद करायची म्हणता, तिच्या तोंडाची जमीन कोणाची?"

 सगळ्यांना माहीत होतं.

"माझ्या सासूबाईंची आहे," किशोरी म्हणाली. "आणि ती गोष्ट मी पहिल्याच दिवशी साहेबांच्या कानावर घातली आहे." तिने मुख्याधिकाऱ्यांकडे बघितलं.

साहेब समोरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होते. "हं," ते म्हणाले, "तसं काहीतरी बोलणं झालं होतं बहुतेक. नक्की आठवत नाही."

झालं. त्यानंतर ती जे बोलली ते कोणाला ऐकू गेलं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "दिराक शेड आणि आमका वास." हशा पिकला. ज्यांचा या जागेला विरोध आहे त्यांनी हात वर करा, असं गुरुप्रसादने सांगितलं. असं मत घ्यायची सुनावणीत पद्धतच नसते, पण हात वर झाले. तिने बघितलं, बाबलीकाकांचा झाला, फिटरांतल्या दोघांचा झाला, लवू मयेकराचाही झाला.

घरी आली तेव्हा धनेश ओसरीवर बसलेला. बातमी तिच्या आधी पोचली होती. तो आपली समजूत घालेल असं तिला वाटलं, पण त्याचा चेहरा वेगळाच होता.

"वैनी, तुका कोणी सांगलेला ह्या?" तो म्हणाला. "मी तुझ्याकडे जागा मागलेली?"

"तुझ्यासाठी नाय केलंय मी. गावासाठी केलंय."

"गावान तसा बगूक नाय. आता बंदरार लोक माका विचारतत, वैनीन किती जागा दिल्यान. इतकी वर्षा मी मान वर करून धंदो केलंय."

"मगे काय करूचा होता मी? तू उद्या खंय जातलंस, सांग माका."

"बांद्याच्या फुडे. एक शेड भाड्यान मिळता. हमरस्त्याक लागून." तो हे इतक्या सरळपणे बोलला की बेत आजचा नाही, हे तिला कळलं.

"आराखडो मंजूर होयसर तरी थांब."

"वैनी, आराखडो वीस वर्षांचो. माझी नोटीस दिवाळीपर्यंतची."

आतून यशोदा, किशोरीची सासू, हात पुसत बाहेर आली. ती सगळं ऐकत होती. तिने धनेशला काही म्हटलं नाही. किशोरीच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "त्या वाटेपुरती जमीन लागता मा? ती देवन टाकूया. फुकट. मगे कोण काय म्हणतलो?"

"आये, काजीची झाडा जातली," किशोरी म्हणाली.

"जावंदेत. चार झाडा. तुझा नाव जाता ता बरा?"

किशोरीच्या डोक्यात लगेच नकाशा हलायला लागला. कुबलांचा उरलेला तुकडा जांभळ्यातून वगळायचा. वाटेची पट्टी नगरपंचायतीला मोफत द्यायची. घरच्या कोणीही त्या वसाहतीत गाळा घेणार नाही, असं लिहून द्यायचं. मग आक्षेपाला जागाच उरत नाही. धनेशनेही खांदे उडवून होकार दिला. "माका काय, मी जातलंयच आसय," तो म्हणाला. रात्री जेवताना तिने पोटभर भात खाल्ला, कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

सकाळी कचेरी उघडताच ती साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, डोळे चोळले.

"मॅडम, बसा. तुम्ही हुशार आहात, पण हे तुम्ही आणखी बिघडवताय."

"कसं काय? आम्ही जमीन फुकट देतोय."

"तेच तर. आज म्हणतात दिरासाठी जागा केली. उद्या म्हणतील, सरकारी खर्चाने स्वतःच्या उरलेल्या जमिनीला रुंद रस्ता करून घेतला. रस्त्याकडेच्या जमिनीचा भाव काय होतो, तुम्हाला मी सांगायला हवं?"

"म्हणजे घेतलं तरी चोर आणि दिलं तरी चोर."

"असंच असतं ते," साहेब म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. कळतंय मला. पण आता माझे दिवस किती उरलेत इथे."

तिला त्यांचा राग यायला हवा होता. आला तो असा, की कोणावर काढावा हेच समजेना. त्या कचेरीत सगळे समजूतदार होते आणि काम होत नव्हतं.

पुढच्या बैठकीत कौस्तुभने नवा नकाशा पडद्यावर लावला. सडा निळा झाला होता, पर्यटन सुविधा. जांभळा तुकडा होता, पण तो गावाच्या पार आतल्या टोकाला, मळ्यातल्या भातशेतीत, खाडीपासून लांब. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी असतं. तिथून बंदरावर यायचं तर देवळाजवळचं अरुंद वळण घ्यावं लागतं, ज्यात एसटी सुद्धा दोनदा मागेपुढे करून वळते.

बैठक संपल्यावर तिने त्याला जिन्यात गाठलं. "तू तर गणित केलं होतंस माझ्याबरोबर."

"मॅडम, क्षेत्र तेवढंच ठेवलंय. बघा तुम्ही. चौपट. त्यात काटछाट होऊ दिली नाही मी." तो खरंच प्रामाणिकपणे बोलत होता. "टक्केवारी बसते. नकाशात जांभळा राहिला, हे महत्त्वाचं."

"त्या जागेत होडी बांधली तर ती बाहेर कशी काढायची?"

"ते पुढच्या टप्प्यात बघतील," तो म्हणाला.

अंतिम मंजुरीच्या सभेत ठराव वाचून दाखवायचं काम किशोरीचंच होतं. तिने शेवटपर्यंत वाचला. मग कागद खाली ठेवून म्हणाली, "माझं मत नोंदवून घ्यावं. उद्योगासाठी दाखवलेली जागा पाणथळ आहे आणि बंदराला जोडलेली नाही. तिथे या गावातला एकही उद्योग जाणार नाही. वीस वर्षांनी तिथे घरं असतील आणि बंदर गल्लीत लॉज. होडीला भोक पडलं तर ती गावाबाहेर न्यावी लागेल."

कोणी तिला अडवलं नाही. गुरुप्रसाद मान हलवत ऐकत होता, जणू हवामानाची बातमी लागली आहे. तिचं झाल्यावर तो लिहून घेणाऱ्या कारकुनाला म्हणाला, "हे वैयक्तिक मत आहे. इतिवृत्तात नको." कारकुनाने पेन उचललेलंच नव्हतं. ठराव एकमताने मंजूर झाला.

धनेश दिवाळीच्या आधी गेला. होडीचा साचा भर दुपारी ट्रकवर चढवला, विजेच्या तारा बांबूने वर धरत माणसं गल्लीतून ट्रकच्या पुढे चालत होती. होमस्टेवाल्यांनी पाहुण्यांना गच्चीवर बोलावलं, बघा म्हणून, आणि त्यांनी फोटो काढले. यशोदा शेडच्या दाराशी उभी होती. ट्रक वळल्यावर ती मोकळ्या शेडमध्ये गेली आणि कोपऱ्यात पडलेला कचरा गोळा करू लागली. "ऱ्हवंदे गो आये," किशोरी म्हणाली, तरी ती थांबली नाही. शेवटी किशोरीनेही दुसरा झाडू घेतला.

साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात आराखडा वेळेत पूर्ण केल्याबद्दल त्यांचं कौतुक झालं.

पुढच्या वर्षी मासेमारीचा हंगाम सुरू झाल्यावर लवू मयेकर कचेरीत आला. अंगावर मिठाचे डाग, हातात मोबाइल. त्याची होडी खडकावर घासून तळाला चिरली होती. तो सरळ किशोरीच्या टेबलापाशी आला.

"धनेशची शेड नेमकी खंय गो? फोन लागना नाय तेचो."

"बांद्याच्या पुढे. हमरस्त्याला, डाव्या हाताला."

"थयसर होडी न्हेवची म्हणजे ट्रक होयो. जावक यावक दोन दिवस, आणि मगे तेची रांग. तोपर्यंत मी काय करू? हंगाम काय थांबतलो माझ्यासाठी?" त्याचा आवाज चढत गेला. "तुमी हयसर बसून वीस वर्षांचो प्लॅन करतास. आमच्यासाठी काय केलास, ता सांग."

कचेरीत किशोरी नेहमी प्रमाण मराठीत बोलायची. आज तिला ते जमलं नाही.

"लवूमामा, त्या दिवशी तू हात वर केलेलंस."

 लवूची नजर टेबलावरच्या नकाशावर गेली. त्यावर सड्यावर किती गाड्या लावता येतील याच्या आखणीचं काम चाललं होतं.

"केलंय," तो म्हणाला. "सगळे करीत होते."

 तिने आपल्या फोनवरून धनेशला फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. "लवूमामाची होडी आसा," ती म्हणाली. "चिरली. दुरुस्तीक कधी घेवक जमतला?"

पलीकडून ग्राइंडरचा आवाज येत होता. धनेश काहीतरी ओरडून सांगत होता, ते तिला नीट ऐकू येईना, म्हणून तिने फोन लवूच्या हातात दिला आणि तो बोलत बोलत बाहेरच्या पडवीत गेला.